उसना सूर, स्वतःचा उच्चार



स्मृतिव्याख्यान देणं म्हणजे आधीच्या पिढीचं देणं चारचौघांत कबूल करून मग आपलं म्हणणं मांडणं. आज मी निवडलेला विषयही देण्याघेण्याचाच आहे. अमेरिकेतल्या आणि कॅरिबियन बेटांवरच्या कृष्णवर्णीय गायक-वादकांनी विसाव्या शतकात लोकप्रिय गाण्यातून अन्यायाला वाचा फोडली. या गाण्यांविषयी लिहिताना-बोलताना दोन सूर हटकून लागतात. पहिला सूर आरतीचा. सॅम कुक, मार्विन गे, बॉब मार्ली ही जणू स्वयंभू दैवतं, आणि त्यांनी जे गायलं ते थेट आकाशातून उतरलं. दुसरा सूर पंचनाम्याचा. ही चाल तिथून उचलली, ती ओळ अमक्याची, हा ठेका तमक्याचा, अशी यादी करत गेलं की शेवटी कलावंताच्या नावावर काहीच उरत नाही. दोन्ही सूर एकाच समजुतीतून निघतात: कलाकृती एक तर पूर्णपणे स्वतःची असते, नाहीतर ती उसनवारी असते. ही समजूत या संगीतापुरती तरी टिकत नाही, हे मला आज दाखवायचं आहे.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. समाजाला उद्देशून गायल्या जाणाऱ्या गाण्याला उसनं घेण्यावाचून गत्यंतर नसतं, कारण ज्यांनी ते उचलून धरायचं त्यांच्या कानांत ते आधीपासून थोडंफार असावं लागतं. म्हणून अशा गाण्याचं स्वत्व सामग्रीच्या नवेपणात शोधण्यात अर्थ नाही. घेतलेली गोष्ट आता कोण बोलतंय, कुणाला उद्देशून बोलतंय आणि त्यापायी गाण्याच्या घडणीत काय मोडावं-जोडावं लागलं, यात ते शोधायला हवं. आणि याला जोडून दुसरी गोष्ट: कलेतलं स्वत्व हा एक प्रश्न, तर श्रेय आणि पैसा कुणाच्या पदरात पडला हा वेगळा प्रश्न. या दोहोंची गल्लत झाली की एकतर कलावंतावर अन्याय होतो, नाहीतर त्याला लुबाडणाऱ्याचं फावतं.

पुरावा म्हणून प्रथम सॅम कुकचं ‘अ चेंज इज गॉना कम’ हे गाणं घेऊ. कुकचा जन्म १९३१चा, मिसिसिपी राज्यातल्या क्लार्क्सडेलचा. वाढला शिकागोत, एका धर्मोपदेशकाच्या घरात. ‘सोल स्टरर्स’ या गॉस्पेल गाणाऱ्या चमूत त्याचा आवाज घडला. १९५७मध्ये ‘यू सेंड मी’ या प्रेमगीतानं तो देशभरच्या क्रमवारीत पहिला आला आणि गोऱ्या श्रोत्यांचाही लाडका झाला. १९६३च्या उन्हाळ्यात बॉब डिलनचं ‘ब्लोइंग इन द विंड’ हे गाणं पीटर, पॉल आणि मेरी या त्रयीच्या आवाजात अमेरिकाभर वाजत होतं. ते ऐकून कुक अस्वस्थ झाला. असं गाणं एका गोऱ्या पोरानं लिहावं आणि आपल्याला ते सुचू नये, याची त्याला लाज वाटली, असं त्याच्या जवळच्या लोकांनी सांगून ठेवलं आहे. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये लुइझियानातल्या श्रीव्हपोर्ट शहरात, आधी खोल्या राखून ठेवलेल्या असूनही, त्याला आणि त्याच्या मंडळींना हॉटेलातून परत पाठवलं गेलं, आणि वर शांतताभंगाच्या आरोपाखाली अटक झाली ती वेगळीच. ३० जानेवारी १९६४ रोजी हे गाणं ध्वनिमुद्रित झालं.

पंचनामा करणाऱ्याला इथे मुद्देमाल सापडतो: प्रेरणा डिलनची. पण चौकशी इथेच थांबवता येत नाही. डिलनच्या गाण्याची चाल ‘नो मोअर ऑक्शन ब्लॉक’ या जुन्या स्पिरिच्युअलवर, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या भक्तिगीतावर, बेतलेली आहे, आणि डिलननं पुढे हे स्वतः मान्य केलं. लिलावाचा चौथरा, मुकादमाचा आसूड, मोजून मिळणारं धान्य हे सारं आता पुन्हा नाही, असं सांगणारं ते मुक्त गुलामांचं गाणं. त्याचं एक रूप १८६७ साली छापलेल्या गुलामगीतांच्या संग्रहात सापडतं. १९६०च्या सुमारास ओडेटा ही कृष्णवर्णीय गायिका ते मैफलीत गात होती, आणि तरुण डिलननंही ते न्यूयॉर्कच्या ग्रिनिच व्हिलेजमधल्या कॅफेत गायलं होतं. म्हणजे गुलामगिरीतून सुटलेल्यांची चाल मिनेसोटातल्या एका ज्यू घरातल्या तरुणानं घेतली आणि त्या तरुणाचं गाणं ऐकून गुलामांच्याच एका वंशजानं आपलं गाणं लिहिलं. आता यात मूळ मालक कोण आणि उसनवार कोण? ज्याला एक सरळ रेष काढून उत्तर द्यायचं आहे, त्याच्या हाती इथे वर्तुळ लागतं.

दोघांनी घेतलं काय, हे मात्र वेगवेगळं आहे. डिलननं चाल घेतली. कुकनं चालही घेतली नाही आणि शब्दही घेतले नाहीत. त्यानं घेतलं ते धाडस. नृत्याच्या आणि प्रेमाच्या गाण्यांच्या बाजारात या विषयावरही गाणं खपू शकतं, ही शक्यता त्यानं डिलनकडून घेतली. मग तिला त्यानं जे रूप दिलं ते डिलनच्या अगदी उलट टोकाचं आहे. डिलनच्या गाण्यात बोलणारा कोण हे कळत नाही. तो प्रश्न विचारतो, ते साऱ्या जगाला उद्देशून असतात, आणि प्रत्येक कडवं त्याच एका वळणावर येऊन थांबतं. कुकचं गाणं जन्मापासून सुरू होतं. इथे एक माणूस स्वतःविषयी बोलतो. काळ्यांच्या चर्चमध्ये भाविक उठून उभा राहतो आणि आपल्यावर काय गुदरलं, त्यातून आपण कसे तरलो, याची भरसभेत साक्ष देतो. कुकनं डिलनच्या प्रश्नाला उत्तर दिलं ते या साक्षीच्या घाटातून. संगीत-संयोजक रेने हॉलनं त्यामागे मोठा वाद्यवृंद उभा केला: व्हायोलिनं, फ्रेंच हॉर्न, टिंपनीचे गंभीर आघात. मधल्या भागात चाल बदलते. बोलणारा भावाकडे मदत मागायला जातो आणि भाऊच त्याला पुन्हा खाली लोटतो. त्यानंतर येणाऱ्या आशेच्या ओळीचं वजन पहिल्या कडव्याच्या शेवटी होतं त्याहून वेगळं झालेलं असतं. ओळ तीच आहे, पण आता तिची किंमत मोजून झालेली आहे. ही घडण डिलनकडे नव्हती आणि त्या जुन्या स्पिरिच्युअलमध्येही नव्हती. ११ डिसेंबर १९६४ रोजी लॉस एंजेलिसमध्ये गोळी लागून कुकचा मृत्यू झाला. त्यानंतर दोन आठवड्यांच्या आत हे गाणं ‘शेक’ या नाचाच्या गाण्याच्या मागच्या बाजूला छापून बाजारात आलं, पण एक कडवं गाळून. सिनेमाला किंवा शहरातल्या बाजारपेठेत गेलं की हटकलं जातं, असं सांगणारं ते कडवं, म्हणजे सगळ्या गाण्यातला भेदभावाचा सर्वांत उघड उल्लेख. कापायला काय निवडलं गेलं यावरूनच त्यात नवं काय होतं ते कळतं.

इथे पहिला आक्षेप घेतला जाईल. काळ्यांच्या दुःखाचं गाणं गोऱ्यांच्या प्रेरणेनं होत असेल, तर त्याच्या अस्सलपणाला बाध येत नाही का? कृष्णवर्णीय गायिका बिली हॉलिडेचं ‘स्ट्रेंज फ्रूट’ या आक्षेपाची कसोटी पाहतं. झुंडीनं माणसाला झाडाला लटकवून मारण्याच्या अमेरिकी प्रथेवरचं हे गाणं. त्याचे शब्द आणि चाल दोन्ही एबल मीरोपोल या न्यूयॉर्कमधल्या ज्यू शाळामास्तराची. कविता म्हणून ती १९३७मध्ये शिक्षक संघटनेच्या मासिकात आली होती. १९३९मध्ये हॉलिडे ती ‘कॅफे सोसायटी’ या नाइटक्लबात गाऊ लागली. हे गाणं कार्यक्रमाच्या शेवटी असे. वेटरांनी हातातलं काम थांबवायचं, दिवे मालवायचे, फक्त तिच्या चेहऱ्यावर एक झोत ठेवायचा, आणि गाणं संपलं की तिनं निघून जायचं. टाळ्या कितीही पडल्या तरी परत यायचं नाही, अशी तिथे शिस्त होती. तिच्या नेहमीच्या कोलंबिया कंपनीनं ध्वनिमुद्रणाला नकार दिला, तेव्हा ‘कमोडोर’ या छोट्या कंपनीनं २० एप्रिल १९३९ रोजी ते केलं. यात हॉलिडेचं काय होतं? शब्द नाहीत, चाल नाही. पण कागदावर जे निषेधाचं काव्य होतं, ते तिच्या तोंडून येताना ज्यांच्यावर ही वेळ येऊ शकते त्यांच्यातल्या एका बाईचं बोलणं झालं. शब्द लांबवण्याच्या तिच्या सावकाश, कोरड्या पद्धतीमुळे श्रोत्याला सुटका म्हणून रडणंही जमत नाही. पुढे १९५६च्या आत्मचरित्रात तिनं चाल लावण्यात आपलाही हात असल्याचं म्हटलं. ते खरं नव्हतं, आणि तिला त्याची गरजही नव्हती. निर्मिती म्हणजे लेखन एवढंच आपण धरून चालतो, म्हणून गाणाऱ्यालाही लेखनाचा दावा करावासा वाटतो.

पुढचं उदाहरण उसनवारीची अपरिहार्यता दाखवणारं आहे. महाराष्ट्रातल्या शाळाशाळांतून गायलं जाणारं ‘हम होंगे कामयाब’ हे गिरिजाकुमार माथुर यांनी हिंदीत आणलेलं गाणं आपल्या सगळ्यांच्या ओळखीचं आहे. त्याचं मूळ ‘वी शॅल ओव्हरकम’. त्याच्याही मागे चार्ल्स टिंडली या कृष्णवर्णीय धर्मोपदेशकाचं विसाव्या शतकाच्या आरंभीचं एक स्तोत्र. १९४५-४६च्या हिवाळ्यात दक्षिण कॅरोलायनातल्या चार्ल्सटन शहरात तंबाखू कारखान्यातले कामगार संपावर गेले. त्यांत काळ्या बायका मोठ्या संख्येनं होत्या. दारापुढे पहारा देताना त्या हे स्तोत्र आपल्या पद्धतीनं गाऊ लागल्या. टेनेसीतल्या हायलँडर लोकशाळेत ते झिल्फिया हॉर्टनच्या कानी पडलं, तिच्याकडून लोकगायक पीट सीगरकडे गेलं, आणि १९६०मध्ये गाय कॅरवाननं ते विद्यार्थी कार्यकर्त्यांपर्यंत पोचवलं. या प्रवासात प्रत्येकानं काही ना काही बदललं: लय, एखादा शब्द, एखादं कडवं. पण कुणीही ते नव्यानं रचलं नाही, कारण नवं रचलेलं गाणं तिथे कुचकामी ठरलं असतं. मोर्चात चाल शिकवत बसायला कुणाला उसंत असते? पोलिसांचा गराडा समोर असताना शेकडो लोकांनी एकदम तोंड उघडायचं, तर गाणं त्यांच्या अंगवळणी पडलेलंच असावं लागतं. एकांतात वाचायच्या कवितेला अनोळखी राहण्याची चैन परवडते; या गाण्याला ती परवडत नाही. तेव्हा त्याचं ओळखीचं असणं हा दोष मानणं म्हणजे त्याचं कामच न समजणं.

यावर कुणी म्हणेल, मग नक्कल आणि निर्मिती यांत फरक उरला कुठे? सगळेच घेतात म्हटल्यावर सगळेच सारखे. तसं नाही. विरजण शेजारच्या घरून आणलं म्हणून दही शेजारच्यांचं होत नाही. पण दूध आपलं असावं लागतं. १९५५च्या अखेरीस लिटल रिचर्ड या कृष्णवर्णीय गायकाचं ‘टुटी फ्रुटी’ बाजारात आलं. लगोलग पॅट बून या गोऱ्या गायकानं तेच गाणं गुळगुळीत करून गायलं आणि क्रमवारीत त्याच्याही वर नेलं. तिथे दूधच नव्हतं. शेजारच्याचं विरजण पाणी घालून वाढलं होतं. बूनच्या गाण्यात नवा बोलणारा आला, पण त्याला स्वतःचं काही सांगायचं नव्हतं. मूळ गाण्यातला दंगा आणि धोका तेवढा काढून टाकायचा होता. उलट बॉब मार्लीचं १९७६चं ‘वॉर’ पाहा. त्यातले शब्द जवळजवळ जसेच्या तसे इथिओपियाचा सम्राट हेले सेलासी यानं ४ ऑक्टोबर १९६३ रोजी संयुक्त राष्ट्रसंघात केलेल्या भाषणातले आहेत. शब्दांच्या हिशेबात मार्लीचं योगदान शून्याच्या आसपास. तरीही ते गाणं त्या भाषणाची प्रत ठरत नाही. राजनैतिक भाषणात ‘जोवर’नं सुरू होणाऱ्या अटी एकामागून एक येतात, आणि सभागृहातले प्रतिनिधी त्या सभ्यपणे ऐकून घेतात. कार्ल्टन आणि ॲस्टन बॅरेट या भावांच्या ड्रम आणि बासनं त्या लांबलचक वाक्यांखाली एक न हलणारी जमीन घातली, आणि प्रत्येक अटीच्या शेवटी शीर्षकातला तो एक शब्द निर्णयासारखा आदळू लागला. राष्ट्रप्रमुखांना केलेली विनंती किंगस्टनच्या वस्त्यांतून निघालेल्या इशाऱ्यात बदलली. दोन्ही उदाहरणांत शब्द परके आहेत. बून आणि मार्ली यांच्यातला फरक किती घेतलं यावरून कळत नाही, घेतल्यावर काय केलं यावरून कळतो.

मार्लीचं सर्वांत मोठं ऋण मात्र शिकागोच्या कर्टिस मेफिल्डकडे आहे. मेफिल्डची आजी धर्मोपदेशक होती. गिटार तो आपणच शिकला, आणि पियानोच्या काळ्या पट्ट्यांच्या सुरांवर तारा लावून घेतल्या. त्यामुळे त्याच्या वादनात एक मऊ, तरंगता नाद आला, जो इतरांना सहजी साधत नसे. ‘इम्प्रेशन्स’ या चमूसाठी त्यानं १९६४मध्ये ‘कीप ऑन पुशिंग’ आणि १९६५मध्ये ‘पीपल गेट रेडी’ लिहिलं. दुसऱ्या गाण्यातली आगगाडी जुन्या स्पिरिच्युअल गीतांतून आलेली आहे. स्वातंत्र्याकडे नेणारी गाडी ही त्या परंपरेतली रुळलेली प्रतिमा. जमैकात मार्लीचा वेलर्स चमू इम्प्रेशन्सचा आदर्श समोर ठेवून तीन आवाजांत गाणं बसवत होता. त्यांच्या १९६५च्या ‘वन लव्ह’मध्ये मेफिल्डच्या गाण्याचा अंश होता. १९७७च्या ‘एक्झोडस’ अल्बममध्ये तेच गाणं पुन्हा आलं तेव्हा मेफिल्डच्या गाण्याचं नाव शीर्षकातच जोडलेलं होतं. मार्लीनं आगगाडी सोडून दिली. पापी माणसाला जागा आहे की नाही, हा मेफिल्डचा मुद्दा तेवढा ठेवला आणि त्याभोवती रास्ताफारी पंथाच्या मेळ्याचं सामूहिक आवाहन उभं केलं. शिकागोच्या चर्चमधली आशा बेटावर येऊन वेगळ्या देवाला आणि वेगळ्या तालाला जोडली गेली. यानं मेफिल्ड लहान होत नाही आणि मार्लीही लहान होत नाही.

आणखी एक आक्षेप रसिकांच्या बाजूनं येतो. अशा गाण्यात संदेश महत्त्वाचा. तो चांगला असला की कलेची चिकित्सा कशाला? मार्विन गेच्या ‘व्हॉट्स गोइंग ऑन’नं या आक्षेपाला परस्पर उत्तर दिलेलं आहे. त्याचं बीज ‘फोर टॉप्स’ या चमूतल्या ओबी बेन्सनचं. मे १९६९मध्ये बर्कली इथल्या पीपल्स पार्कमध्ये पोलिसांनी तरुणांवर केलेली मारहाण पाहून त्याला ते सुचलं. अल क्लीव्हलंडनं ते आकाराला आणलं, आणि व्हिएतनामहून परतलेल्या धाकट्या भावाचे अनुभव ऐकलेल्या गेनं त्यात भर घालून ते आपलं केलं. मोटाउन कंपनीचा मालक बेरी गॉर्डी याला हे गाणं धंद्याच्या दृष्टीनं धोक्याचं वाटत होतं. जानेवारी १९७१मध्ये ते बाजारात आलं आणि मे महिन्यात त्याच नावाचा अल्बम आला. त्याचं मोल संदेशात आहे म्हणावं, तर युद्धाविरुद्ध त्याच काळात कितीतरी गाणी झाली होती. त्याचं मोल ऐकण्यात आहे. सुरुवातीचं सॅक्सोफोनचं वळण एली फाँटेननं नुसतं वाद्य तापवायला म्हणून वाजवलं होतं. गेनं तेच ठेवलं. गेनं दोनदा स्वतंत्र गायलेलं ध्वनिमुद्रण तंत्रज्ञाच्या हातून चुकून एकदम वाजलं, आणि गेला ते इतकं आवडलं की त्यानं पुढे ते तंत्रच करून टाकलं. त्यामुळे गाण्यात एकच माणूस स्वतःशी बोलतोय आणि त्याच वेळी कुणाला तरी समजावतोय असं ऐकू येतं. ‘हे काय चाललंय’ असा प्रश्न विचारणाऱ्याची मनःस्थिती यापेक्षा नेमकी शब्दांत सांगता आली नसती. तेव्हा संदेश आणि रूप वेगळे काढताच येत नाहीत. संदेश सगळ्यांचा होता, रूप या गाण्याचं होतं. आणि या रूपामागे हात अनेकांचे होते. जेम्स जेमर्सनचा बास, डेव्हिड व्हॅन डे पिटचं संयोजन, ‘फंक ब्रदर्स’ या वादकांची साथ. वर्षानुवर्षं मोटाउनच्या तबकड्यांवर ज्यांची नावं छापली जात नव्हती, त्या वादकांना या अल्बमवर श्रेय मिळालं. एकट्या प्रतिभावंताची आरती करणाऱ्यांनी ही यादी वाचावी.

१९८०च्या दशकात उसनवारीचा आणखी धीट प्रकार आला. हिप-हॉपमध्ये चाल किंवा कल्पना घेऊन न थांबता जुन्या रेकॉर्डवरचा आवाजच कापून घेतला जाऊ लागला; यालाच सॅम्पलिंग म्हणतात. १९८९मध्ये स्पाइक ली याच्या ‘डू द राइट थिंग’ या चित्रपटासाठी ‘पब्लिक एनिमी’ या रॅप चमूनं ‘फाइट द पॉवर’ केलं. शीर्षक आयझ्ली ब्रदर्सच्या १९७५च्या गाण्यावरून घेतलेलं, आणि खाली जेम्स ब्राउनसह अनेकांच्या आवाजांचे तुकडे एकमेकांवर रचलेले. याला संगीत म्हणावं का, हे तर यंत्रानं केलेलं चिकटकाम, असं तेव्हा पुष्कळांनी म्हटलं. पण त्या गाण्याची एक तक्रार आपल्या लोकांना राष्ट्राच्या टपाल तिकिटांवरही जागा नाही अशी आहे, आणि ज्या आवाजांच्या भिंतीतून ती ऐकू येते ती भिंत त्याच लोकांच्या आवाजांची बनलेली आहे. सरकारी स्मरणात ज्यांना वगळलं, त्यांना गाण्यानं प्रत्यक्ष हजर केलं. हे नव्यानं वाजवलेल्या ठेक्यानं साधलं नसतं. तो विशिष्ट ड्रम, ती विशिष्ट किंकाळी, तो जुन्या तबकडीचा खरखराट हाच तिथे आशय आहे. सॅम्पलिंगवर यंत्राचा आक्षेप घेणारे साधनाकडे पाहतात. निवड कुणाची आणि कशासाठी, हे पाहत नाहीत.

मात्र याच टप्प्यावर दुसरा प्रश्न, पैशाचा आणि श्रेयाचा, उग्र होतो. ‘विन्स्टन्स’ या चमूनं १९६९मध्ये ‘आमेन, ब्रदर’ हे वाद्यसंगीत ध्वनिमुद्रित केलं. त्याची मुळं इम्प्रेशन्सनं १९६४मध्ये लोकप्रिय केलेल्या ‘आमेन’ या स्पिरिच्युअलमध्ये आहेत, म्हणजे पुन्हा मेफिल्डच्याच अंगणात. त्यात मध्ये ड्रमवादक ग्रेगरी कोलमन सहाएक सेकंद एकटा वाजवतो. त्या सहा सेकंदांवर ‘स्ट्रेट आउटा कॉम्प्टन’सारखी संतापलेली गाणी उभी राहिली आणि ब्रिटनमध्ये तर नृत्यसंगीताचा एक अख्खा प्रकार वाढला. कोलमन त्यातला एक छदामही न मिळता २००६मध्ये वारला. चमूप्रमुख रिचर्ड स्पेन्सर याला २०१५मध्ये चाहत्यांनी वर्गणी काढून २४,००० पौंड दिले, तीच काय ती भरपाई. ‘फंकी ड्रमर’ या गाण्याचा ठेका ड्रमवादक क्लाइड स्टबलफील्डचा, पण गाणं जेम्स ब्राउनच्या नावावर, आणि ठेक्याला कायद्याच्या लेखी लेखक नाही. या अन्यायाकडे बोट दाखवून कुणी म्हणेल, मग उसनवारी कायद्यानंच बंद का करू नये?

कायद्यानं ते करून पाहिलं, आणि निकाल बोलका आहे. १९९१मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयानं बिझ मार्की या रॅपरविरुद्ध निर्णय देताना चोरी करू नको या धर्माज्ञेनं सुरुवात केली. ब्रिजपोर्ट या संगीतहक्क बाळगणाऱ्या कंपनीच्या २००५च्या खटल्यात फंकाडेलिक या चमूच्या रेकॉर्डवरचा दोन सेकंदांचा गिटारचा तुकडाही परवान्याशिवाय वापरता येणार नाही असं ठरलं. यानं पैसा वादकाकडे गेला का? बव्हंशी तो हक्क बाळगणाऱ्या कंपन्यांकडे गेला. ज्या संगीतावरून हा खटला झाला, त्याचा कर्ता जॉर्ज क्लिंटन आपल्याच गाण्यांच्या हक्कांसाठी ब्रिजपोर्टशी वर्षानुवर्षं भांडत होता. पब्लिक एनिमीसारखी शेकडो तुकड्यांची रचना आता फक्त धनिकालाच परवडावी अशी झाली. पुढे ‘ब्लर्ड लाइन्स’ हे गाणं मार्विन गेच्या गाण्यावरून उचललं असा दावा करणाऱ्या खटल्यात गेच्या वारसांच्या बाजूनं २०१५मध्ये निकाल लागला आणि २०१८मध्ये तो कायम झाला, तेव्हा असहमत न्यायाधीशांनी इशारा दिला की अशानं संगीताच्या शैलीवरच मालकी सांगता येईल. शैलीवर मालकी आली असती, तर गेचं स्वतःचं गाणंही झालं नसतं.

म्हणजे ‘परंपरा सर्वांची’ हे वाक्य कोण उच्चारतं याला फार महत्त्व आहे. संपावरच्या कामगार बायकांनी ते उच्चारलं तर ती वाटून घेण्याची रीत असते. रेकॉर्ड कंपनीनं ते उच्चारलं तर बहुधा कुणाचं तरी मानधन बुडणार असतं. कलेच्या दृष्टीनं घेण्याला मोकळीक हवी, आणि न्यायाच्या दृष्टीनं घेणाऱ्याच्या ताकदीकडे पाहायला हवं. कुक आणि मेफिल्ड या दोघांना हे चांगलं कळलं होतं. दोघांनी मुक्तपणे घेतलं, आणि आपल्या गाण्यांचे प्रकाशनहक्क मात्र स्वतःच्या कंपन्यांकडे ठेवले. ‘वी शॅल ओव्हरकम’वर १९६०मध्ये हक्क नोंदवणाऱ्यांनी त्याचं उत्पन्न खिशात न घालता हायलँडरमार्फत दक्षिणेतल्या कृष्णवर्णीय समाजाच्या कामासाठी लावलं. पुढे कोर्टकचेरी होऊन २०१८मध्ये ते गाणं सर्वांसाठी खुलं झालं. हे उपाय परिपूर्ण नव्हते, पण मोकळीक आणि मोबदला एकत्र नांदू शकतात, एवढं त्यांनी दाखवून दिलं.

आपल्याकडे याचे प्रत्यक्ष धागे आहेत. जोतीराव फुल्यांनी १८७३मधली ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या लोकांना अर्पण केली. १९७२मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली तेव्हा नाव ऑकलंडच्या ब्लॅक पँथर पक्षावरून घेतलेलं होतं. ऑकलंडवाल्यांनी तो काळा बिबट्या अलाबामातल्या लाउंड्स परगण्यातल्या एका राजकीय संघटनेच्या चिन्हावरून घेतला होता. नाव उसनं होतं. पण नामदेव ढसाळांची कविता वाचून ती ऑकलंडहून आलेली आहे, असं कुणी म्हणणार नाही. तिच्यातली वस्ती, शिवी, भूक आणि छंदाची मोडतोड इथलीच आहे.

म्हणून समीक्षकांना आणि श्रोत्यांना माझी एवढीच सूचना आहे. एखादं गाणं आधीच्या कशासारखं तरी वाटलं की शोध तिथे संपवू नये, तिथून सुरू करावा. घेतलेल्यात काय बदललं, ते बदलणं या बोलणाऱ्याला का भाग पडलं, हे विचारावं. उत्तर सापडलं नाही तर बिनदिक्कत नक्कल म्हणावं. मग वेगळ्या वहीत दुसरा हिशेब मांडावा: ज्याच्याकडून घेतलं त्याचं नाव कुठे लिहिलं आहे, आणि त्याला काय मिळालं. पहिल्या परीक्षेत पहिला आलेला कलावंत दुसरीत नापास होऊ शकतो, आणि तसं स्पष्ट सांगावं. थोर गाणं म्हणून देणं माफ होत नाही, आणि देणं बाकी आहे म्हणून गाण्याचं थोरपण कमी होत नाही. या दोन्ही गोष्टी एका दमात म्हणता येणं, एवढी प्रौढता या संगीतानं आपल्याकडून मागितली आहे.